हात लावू नका

मूल रांगायला लागलं की आपल्या घरातला जो तो एकच वाक्य म्हणू लागतो, ‘हात लावू नकोस.’ आजोबांच्या चष्म्याला हात लावू नकोस, समईला हात लावू नकोस, कणकेला हात लावू नकोस, भिंतीला तर मुळीच नको, दिवाळीतच रंग दिलाय. हे व्रत आपण अडीच-तीन वर्षं न चुकता पाळतो. मग एके दिवशी त्याच मुलाचं बोट धरून एका शाळेत जातो, भरभक्कम फी भरतो आणि घरी येऊन कौतुकाने सांगतो, ‘‘शाळा फार छान आहे हो. तिथे सगळं मुलांना हाताने करायला देतात!’’

हाताने करायला देतात म्हणजे काय, याचा उलगडा पुढे रात्री साडेनऊला होतो. आईच्या फोनवर निरोप येतो, ‘उद्या यलो डे. पिवळे कपडे, डब्यात पिवळा खाऊ, आणि कार्डशीटचे सूर्यफूल. कृपया मुलांना स्वतः करू द्यावे.’ हे शेवटचं वाक्य वाचून आई कात्री शोधायला उठते. मूल तोवर झोपलेलं असतं, आणि ते बरंच असतं, कारण जागं असतं तर मध्ये मध्ये हात घातला असता. बाबा कंपास आणतात. पाकळ्या एका मापाच्या निघतात, फेविकॉलचा एक थेंब इकडचा तिकडे होत नाही, आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं जातं, ‘मी केले.’

अशी तीसेक सूर्यफुलं मी एका शाळेच्या भिंतीवर ओळीने लावलेली पाहिली आहेत. त्यात एकच फूल वेगळं होतं. सगळ्या पाकळ्या एका बाजूला दाटीवाटीने, दुसरी बाजू मोकळी, मधोमध बोटाचा तपकिरी ठसा. फुलाला पाकळ्या सगळीकडून असाव्यात असा काही नियम आहे, हे करणाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याच्यासमोर दोन बायका थांबल्या. एक हळहळून म्हणाली, ‘‘बिचारीला वेळ मिळाला नसेल.’’ बिचारी म्हणजे त्या मुलाची आई.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य इथे जिभेच्या टोकावर येतं. ते मी गिळते. आमच्या वेळी चिंचोके, सागरगोटे, भातुकली होती हे खरं, पण ती सगळी शाळेबाहेर. शाळेत हाताचा शिक्षणाशी संबंध एवढाच, की छडी मास्तरांच्या हातात असायची आणि बसायची आमच्या हातावर.

लहान मुलं हातांनी शिकतात, हा शोध काही माहितीपत्रकं छापणाऱ्यांनी लावलेला नाही. जर्मनीत फ्रिडरिख फ्रोबेल नावाच्या गृहस्थांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि तीन वर्षांनी तिला ‘किंडरगार्टन’ म्हटलं. मुलांच्या हातात त्यांनी दिले लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, लाकडी ठोकळा, लाकडी नळकांडं. यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे, असं आपल्याला वाटेल. पण प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर चक्क बंदी घातली. म्हणे त्यातून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरतो. फ्रोबेलचा एक पुतण्या जहाल विचारांचा होता, आणि काका-पुतण्यात सरकारची गफलत झाली म्हणतात. फ्रोबेल पुढच्याच वर्षी वारले. बंदी उठायला १८६० उजाडावं लागलं. सरकारं लोकरीच्या चेंडूलाही घाबरतात, एवढं मात्र त्यातून समजलं.

मारिया मॉन्टेसरीबाईंची गोष्ट मला अधिक आवडते, कारण तिची सुरुवात भिंती खराब होण्यापासून होते. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर जायचे, मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती रंगवून ठेवायची. मालक मंडळींनी हिशेब केला की सारखा रंग काढण्यापेक्षा पोरांकडे बघायला माणूस नेमणं स्वस्त. अशा रीतीने ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बाम्बिनी’ उघडली. शिक्षणातली एवढी मोठी उलथापालथ रंगाऱ्याचे पैसे वाचवण्याच्या विचारातून निघाली, हे वाचून आपल्या सोसायटीच्या कमिट्यांबद्दलही थोडी आशा वाटू लागते.

बाई मूळच्या डॉक्टर. त्यांना बघायची सवय. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवत होती. सगळे बसवायचे, काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. बाईंनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली. हिचं लक्ष नाही. मग खुर्चीसकट उचलून तिला टेबलावर ठेवलं. तिने दट्टे मांडीवर गोळा केले आणि काम पुढे चालू. चाळीसहून जास्त वेळा झाल्यावर ती आपणहून थांबली आणि प्रसन्न चेहऱ्याने इकडेतिकडे पाहू लागली. आपल्याकडे दुसऱ्याच खेपेला कुणीतरी म्हटलं असतं, ‘‘आलं ना आता? चल, पुढचं घे.’’

आणखी एक प्रसंग बाईंनी लिहून ठेवलाय. एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरावं याचा धडा दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, सगळं रीतसर. बाईंना वाटलं होतं की पोरं हसतील. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांचं कारण बाईंनी बरोबर ओळखलं. शेंबडावरून या मुलांना आयुष्यभर टोमणे मिळाले होते. शेंबूड पुसायचा कसा, हे कुणी दाखवलंच नव्हतं.

कपाटाचंही असंच. साधनांच्या कपाटाला कुलूप असायचं. एक दिवस ते लावायचं राहिलं, शिक्षिकेला यायला उशीर झाला, आणि येऊन बघते तर मुलांनी आपापलं हवं ते काढून काम सुरू केलेलं. शिक्षिकेला ती चोरी वाटली. बाईंनी मात्र मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं करून घेतली. ही कपाटाची गोष्ट जरा लक्षात असू द्या.

हे सगळं आपल्याकडे आलं ते भावनगरच्या वाटेने. तिथे गिजुभाई बधेका या वकिलांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढलं. त्यांना भरघोस मिशा होत्या आणि मुलांवरची माया त्याहून भरघोस, म्हणून लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत. मिशांची आई! राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. त्या काळी एका बाईने प्राचार्यपद सोडायचं, तेही अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्ये बसायला; नातेवाइकांत काय चर्चा झाल्या असतील, त्या मला घरबसल्या ऐकू येतात.

पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. लाकडी, गुळगुळीत, मापात कापलेली मॉन्टेसरी साधनं खेड्यातल्या बालवाडीला कुठली परवडायला? बोर्डी समुद्रकाठी. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू, जे आसपास होतं तेच साधन झालं. मॉन्टेसरीच्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक चढत जातात. शिंपले असे शिस्तीत जन्माला येत नाहीत. लहान-मोठं लावताना दोन सारखेच निघतात, आणि मग कुठला आधी यावरून भांडण लागतं. मला तर वाटतं, ठोकळ्यांपेक्षा शिंपल्यांतच जास्त शिकायला मिळत असणार.

पण या कामाचं खरं मोल शिंपल्यांत नाही. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. शहरातल्या मुलाचे हात आपण मोकळे ठेवलेले असतात, म्हणून त्याला पाणी ओतण्याची, बटणं लावण्याची ‘ॲक्टिव्हिटी’ द्यावी लागते. पाड्यावरच्या मुलाचे हात आधीच कामात. कडेवर धाकटं भावंड नाहीतर हातात काठी आणि पुढे गुरं. त्याला हाताने करायला काय शिकवणार? तिथे शाळेलाच हातपाय हलवावे लागले. मुलं येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुराख्यांची पोरं कुरणात, तर कुरणशाळा भरली. धाकट्यांना सांभाळायला थोरल्या बहिणी घरी अडकतात, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. आंघोळ घालणं, केस विंचरणं हेही शिक्षणातच धरलं गेलं. नाक शिंकरण्याच्या धड्याला टाळ्या वाजवणाऱ्या रोमच्या पोरांना हे लगेच पटलं असतं.

अंगणवाडी हा शब्द पुढे सरकारने उचलला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं एकसलग पायाभूत टप्पा मानली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एनसीईआरटीने ‘जादुई पिटारा’ काढला. खेळणी, कोडी, चित्रपत्ते, गोष्टींची पुस्तकं, भित्तिचित्रं, सगळं एका पेटीत. कल्पना चांगलीच आहे. फक्त आपल्याकडे सरकारी पेटी एकटी येत नाही. तिच्यामागोमाग डेडस्टॉक रजिस्टर येतं.

डेडस्टॉक ज्यांनी सांभाळलाय त्यांना मी काय म्हणते ते समजेल. कोडं हरवलं, बाहुलीचा हात तुटला, तर तपासणीला उत्तर द्यायचं अंगणवाडी सेविकेने. तिच्यामागे आधीच पोरांची वजनं-उंच्या, गरोदर बायकांच्या घरभेटी, लसीकरणाचा दिवस, आणि रेंज नसलेल्या जागी पोषण ट्रॅकरवर माहिती भरणं. अशी बाई नव्या कोऱ्या खेळण्यांना कुलूप लावून किल्ली कमरेला खोचते, तर मला तिच्यावर हसवत नाही. मला रजिस्टरवर हसायला येतं. जी वस्तू तुटून चालत नाही, ती मूल हाताळू शकत नाही, हे कुठल्याही रजिस्टरात लिहायला रकाना नाही. शेवटी मुलांच्या वाट्याला येतात ते चिंचोके, बाटल्यांची झाकणं आणि रिकाम्या काड्यापेट्या. त्यांचा मोठाच गुण असा की ती डेडस्टॉकला चढत नाहीत. ताराबाई-अनुताईंनी शिंपले वेचताना ऑडिटचा विचार केला नसावा, पण निर्णय त्या दृष्टीनेही दूरदर्शी ठरला.

माझी नात ज्या बालवाडीत जाते तिथे अधूनमधून एकेका घरातल्या मोठ्या माणसाला येऊन बसायला सांगतात. आमच्या घरात रिकामं मोठं माणूस मीच. जानेवारीचे दिवस, बाजारात वाटाणा स्वस्त. सतरंजीवर मधोमध परातभर शेंगा, भोवती गोल करून मुलं. हे वाटाणे नंतर पोह्यांत पडणार आणि ते पोहे सगळे खाणार, हे मुलांना सांगितलेलं. ताई मला म्हणाल्या, ‘‘आजी, तुम्ही बसा, बघा. फक्त हात मांडीवर.’’ जन्मभर वाटाणे सोललेल्या बाईला समोर शेंगांची रास असताना हात मांडीवर ठेवायला सांगणं ही काय शिक्षा आहे, ते सांगून कळणार नाही. माझी बोटं आपोआप वळवळू लागली.

एकाने शेंग मधोमध मोडली. एकाने दातांनी ओढली. एक मुलगी शेंगेला पिळा देत होती, धुणं पिळतात तसा. मी ओठ घट्ट मिटून घेतले. दोन शेंड्यांची एक मुलगी शेंग नुसती चाचपत होती. तिचा अंगठा शेंगेच्या पोटावर, शिरेवर पडला, आणि टप्पकन शेंग उघडली. ती दचकली. तिने दुसरी शेंग घेतली, तिथेच दाबली. टप्प. कुणाला काही सांगितलं नाही. शेजारच्याने आवाज ऐकला, तिच्या हातांकडे पाहिलं, आपली शेंग उलटीसुलटी करून बघितली. थोड्या वेळात ही विद्या गोल फिरून आली आणि सतरंजीभर टप्प टप्प सुरू झालं. ताईंनी ते पाहिलं होतं. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. शाबासकी दिली नाही, ‘बघा बघा, हिने कसं केलं’ नाही, काही नाही. मला तर उठून टाळी द्यावीशी वाटत होती, पण हात मांडीवर.

मग आतला कारभार. अंगठा फिरवला की दाणे परातीत उतरतात, एखादा उडून सतरंजीखाली जातो. त्याला शोधायला दोघे पोटावर झोपून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. एक चष्मेवाला सतरंजीच्या पट्टीवर दाणे लहानापासून मोठ्यापर्यंत लावत बसला. टोकाला एक चपटा, न भरलेला दाणा. ‘‘हे अजून व्हायचंय,’’ त्याने मला समजावलं. वाटाण्यांची परात भरत नव्हती, कारण निम्मे पोटात जात होते. पण कुणी मोजायला सांगितलं नव्हतं, तरी ‘माझ्यात आठ’, ‘माझ्यात नुसते तीन’ असं मोजणं चाललेलंच.

आणि मग अळी निघाली.

हिरवी, बारीक, शेंगेत ऐटीत बसलेली. एका क्षणात सगळा वर्ग त्या एका शेंगेवर. पहिला प्रश्न, हिची आई कुठे आहे? दुसरा प्रश्न चष्मेवाल्याचा, आणि तो खरा प्रश्न होता: ‘‘ही आत आली कुठून? शेंगेला दार नाहीये.’’ शेंग फिरवून फिरवून पाहिली. भोक नाही. ताईंना उत्तर ठाऊक असणार, मलाही अंधुक ठाऊक होतं. ताई म्हणाल्या, ‘‘खरंच की. कशी आली असेल?’’ मुलांनी सुचवलं, शेंग लहान असताना आली. आत जन्मली. रात्री आली, शेंग झोपलेली असताना. एकाचं म्हणणं, तिने आत गेल्यावर दार लावून घेतलं. यातलं पहिलं उत्तर जवळपास बरोबर होतं. ते तीन वर्षं सात महिन्यांच्या माणसाने दिलं होतं आणि त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्याला अळीला पोहे द्यायचे होते.

त्या दिवशी घरी जाताना नातीला तिच्या आईने विचारलं, ‘‘आज काय शिकवलं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग काय केलं?’’

‘‘पोहे.’’

संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर अळीची बातमी पोचली होती. स्वच्छतेचं काय, असं एकीने विचारलं. एका बाबांनी मनापासून सूचना केली की बालवाडीने फ्रोझन वाटाणे वापरावेत, म्हणजे सोलण्यात मुलांचा वेळ जाणार नाही.

या सगळ्याचा परिणाम म्हणून शनिवारी पालकसभा बोलावली गेली. प्रश्न अपेक्षितच होता, ‘‘लिखाण कधी सुरू करणार? शेजारच्या शाळेतली मुलं शंभरपर्यंत लिहितात.’’ ताईंनी आपलं मनगट पुढे केलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, आठही जागी नुसती कूर्चा. तीन वर्षांच्या मुलात साधारण तीन हाडं धरलेली असतात, बाकीची एकेक करून येत राहतात, आणि शेवटचं यायला आठ ते बारा वर्षांचं वय व्हावं लागतं. शेंग दाबते ती अंगठा-तर्जनीची चिमूटच उद्या पेन्सिल धरणार आहे, तिला आज वाटाण्यावर तयार होऊ द्या, एवढंच त्या म्हणाल्या. सभेत जरा शांतता पसरली. अर्ध्या पालकांनी हळूच आपापली मनगटं चाचपली.

मग ताईंनी माती बाहेर काढली. भिजवलेली, मऊ, काळी कुंभारमाती. प्रत्येकाला एकेक गोळा. काही सांगितलं नाही. इस्त्रीच्या शर्टातले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र राहून गेलेले बाबालोक आधी गोळ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. एकाने विचारलं, ‘‘काय करायचंय नक्की?’’ ताई म्हणाल्या, ‘‘काहीही.’’ या उत्तराने फार गोंधळ उडाला. ‘‘म्हणजे एखादी थीम?’’ ‘‘नाही.’’ मग कुणीतरी लाडू वळला, कुणी साप केला. एका आईने पोळपाट, त्यावर पोळी, शेजारी लाटणं केलं आणि ती स्वतःवरच चिडली, ‘‘इथेही हेच सुचलं मला!’’ फ्रोझन वाटाणेवाले बाबा मात्र कोपऱ्यात बसून घर बांधत होते. जोतं, चार भिंती, खिडकी. बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळावर मातीचं बोट.

साडेसहाला सभा संपायची होती. पावणेसात झाले. ताईंनी घंटा वाजवली, कुणी उठेना. पुन्हा वाजवली. शेवटी त्या कोपऱ्यात गेल्या.

‘‘थांबा हो,’’ बाबा वर न बघता म्हणाले, ‘‘छप्पर राहिलंय.’’

छप्पर झालं. मग त्यांनी विचारलं, हे घरी न्यायचं का? ताई म्हणाल्या, नाही, माती परत डब्यात जाते, सोमवारी मुलांना लागते. गृहस्थांचा चेहरा उतरला. ‘‘मोडायचं?’’

‘‘मुलं रोज मोडून ठेवतात,’’ ताई म्हणाल्या.

‘‘त्यांना काय होतंय,’’ ते म्हणाले, ‘‘त्यांना सोमवारी परत यायला मिळतं.’’